वेशीपलीकडची सुई

चिमणाबाई मोठ्यानं बोलत असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचं साधं बोलणंच मोठं होतं. हातकणंगले स्टेशनच्या मागल्या मळ्यात उभं राहून त्यांनी म्हशीला हाक घातली, की फलाटावरचे दोन-चार जण आपल्यालाच कुणी बोलावलं म्हणून वळून बघत. त्यामुळे त्यांच्या मुलाचं, सम्राटचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या गल्लीनं नव्या सुनेची आधीच कीव करून ठेवली होती. क्रांती चंदगडकडची, डोंगरातली, खालच्या आवाजात बोलणारी पोर. ही बाई तिला महिन्याभरात माहेरी पळवणार, असा सगळ्यांचा होरा होता. झालं उलटंच. सासू ओरडायची आणि सून हसायची, आणि सून हसली की सासूला आपण कशाला ओरडत होतो तेच आठवायचं नाही. सासरे बाळासो तर मुळातच मुके म्हणावेत असे, आणि नणंद मोना बाहेरगावी. तेव्हा घर छान चाललं होतं.

क्रांतीला दिवस गेले आणि चिमणाबाईंना दुसरं काही सुचेनासं झालं. दर तपासणीला कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे सम्राट नेतो म्हणाला तरी या पुढे. दवाखान्यात सुनेच्या आधी याच खुर्चीत बसायच्या आणि दुखतंय कुठं तेही याच सांगायच्या. डॉक्टरीणबाई मोठ्या सोशिक. त्या म्हणायच्या, आजी, पेशंटला पण थोडं बोलू द्या.

सहाव्या महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी एक नवी गोष्ट सांगितली. धनुर्वाताच्या सुया झाल्या, छान झालं, पण आता सातवा संपता संपता आणखी एक सुई घ्यायची. तिच्यात डांग्या खोकल्याची लस असते. बाळाला स्वतःची पहिली लस दीड महिन्याचं झाल्यावर मिळते, आणि डांग्याचे जंतू सगळ्यात वाईट गाठतात ते त्याहूनही लहान तान्ह्याला. म्हणून सुई आईला द्यायची. आईच्या रक्तात जे बळ तयार होतं ते नाळेतून पोटातल्या बाळाला मिळतं आणि ते बाळ जन्माला येतानाच अंगावर पांघरूण घेऊन येतं.

क्रांतीनं दोन शंका विचारल्या, डॉक्टरीणबाईंनी उत्तरं दिली. चिमणाबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. घरी येताना बसमध्येही नाही. सासू गप्प बसलेली क्रांतीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि तिला वाटलं, सुईचं ऐकून आत्या घाबरल्या असतील. सासूला ती आत्या म्हणायची.

पुढं डोहाळजेवण आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा ठरलेला शिरस्ता. आणि न्यायचं ते सातव्यातच न्यायचं, कारण आठवा लागला की क्रांतीच्या माहेरी पोटुशी बाई गावाची वेस ओलांडत नाही. त्यात दोन दिवसांवर अमावस्या. व्याही आकाराम जीप घेऊन आले, ओटी भरली, पुरणपोळ्या झाल्या, फोटो झाले, क्रांती रडली, चिमणाबाईंनी रडू नको म्हणून तिला दटावलं आणि स्वतः पदर डोळ्याला लावला. जीप वळणावरून दिसेनाशी झाली. बाया उष्टी काढायला लागल्या आणि हातातलं पातेलं तसंच धरून चिमणाबाई मटकन खाली बसल्या. सुई राहिली होती.

त्यात दोष कुणाचा म्हणावा? सुईची वेळ सातवा सरताना आणि माहेरी जायची वेळ सातवा असताना. दोन्ही घरांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि नेमकी मधली जागा मोकळी राहिली होती.

चिमणाबाईंनी फोन लावला. चंदगडच्या एका डॉक्टरांचा नंबर क्रांतीनंच मिळवून दिला. ते म्हणाले, ही लस इथं कुणी ठेवत नाही, मागवली तर कधी येईल सांगता येत नाही. तुम्ही कोल्हापुरातून बर्फात घालून आणा, टोचायचं काम माझं. एवढं झाल्यावर चिमणाबाईंनी विहिणीला फोन केला. तोवर आठवा लागला होता.

विहीण म्हणजे झुंबरबाई. बोलायला चिमणाबाईंच्या निम्म्या आवाजाच्या, पण हट्टाला दुप्पट. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पोरगी सुखरूप आहे, जेवते, झोपते, आणि आठव्यात तिचं पाऊल वेशीबाहेर पडणार नाही. डॉक्टर चंदगडात, चंदगड वेशीपलीकडं. विषय संपला. वर असंही म्हणाल्या, की आमच्या घरात चार बाळंतपणं झालीत, लेकरं कशी सांभाळायची ते आम्हाला कळतं. म्हणजे तुम्ही यात पडू नका, हे चिमणाबाईंना बरोबर पोचलं.

सम्राट म्हणाला, आई, सासुरवाडीशी भांडण नको काढूस, लाखो बायका त्या सुईशिवाय बाळंत होतात. खरंच होतं ते. रात्रीचं दूध घालून आल्यावर चिमणाबाईंनी बाळासोंना सांगितलं, उद्या धारा तुम्ही काढा. बाळासोंनी बायकोकडं नुसतं बघितलं आणि मान हलवली. कशासाठी ते त्यांना ठाऊक होतं. त्या घरात ते ठाऊक असलेले ते एकटेच होते.

सकाळी चिमणाबाईंनी कोल्हापुरात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेतली आणि औषधाच्या दुकानातून लस घेतली. दुकानदारानं थर्माकोलच्या पेटीत गारव्याच्या पिशव्या घातल्या, मध्ये पुठ्ठा घातला आणि बजावलं, आजी, ही तापता कामा नये, आणि गोठताही कामा नये. चिमणाबाई म्हणाल्या, म्हणजे दुधासारखंच की. मग ती पेटी मांडीवर घेऊन त्या चंदगडच्या एस.टी.त बसल्या. कंडक्टर म्हणाला, मावशी, वर ठेवा. मावशींनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तिकीट दिलं आणि पुढं सरकला.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. गडहिंग्लज सोडलं आणि पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी. मोळ्या सगळीकडं पसरलेल्या, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग, आणि लोक उतरून ऊस खात निवांत उभे. चिमणाबाईंनी अर्धा तास दम धरला. मग पेटीला हात लावला तर खालची बाजू मघासारखी गार लागेना. त्या उतरल्या, रस्त्याकडेच्या गावात शिरल्या आणि दिसेल त्याला एकच विचारत सुटल्या, तुमची दूध संस्था कुठाय?

जिथं म्हशी तिथं दूध संस्था, आणि जिथं संस्था तिथं जनावरांच्या औषधाचा फ्रीज, हे त्यांना आपल्या गावावरून माहीत होतं. सेक्रेटरी संस्थेला कुलूप लावून, डबा घेऊन मळ्यात जेवायला निघाले होते. त्यांनी विचारलं, पावणं, कुठल्या जनावराची लस? चिमणाबाई म्हणाल्या, माझ्या सुनेची. सेक्रेटरींनी कुलूप उघडलं, लस फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवली, पेटीतल्या पिशव्या वर बर्फात टाकल्या आणि आपला डबा चिमणाबाईंपुढं अर्धा केला. रस्ता मोकळा झाल्याचा हॉर्न ऐकू आला तोवर पिशव्या पुन्हा टणक झाल्या होत्या. जाताना चिमणाबाईंनी त्या माणसाला म्हशीच्या आटण्यावर दोन गोष्टी सांगितल्या आणि लेकरासारखं पाठीवर थोपटलं. त्यालाही ते जरा जास्तच वाटलं असावं.

चंदगडाला उतरून वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या रिक्षानं त्या गावात पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. मुलाकडची विहीण न सांगता दारात उभी. झुंबरबाईंनी पायावर पाणी घातलं, गूळपाणी दिलं, आणि मग मांडीवरच्या पेटीकडं बघून त्यांचा चेहरा बदलला. आकाराम बाहेरच्या बाहेर काजूच्या बागेकडं निघून गेले. शहाणा माणूस.

दोघींचं वाजलं ते अगदी रीतसर, मानपान सांभाळून. झुंबरबाई म्हणाल्या, माझी लेक म्हणजे काय वाऱ्यावर सोडलीय व्हय? चिमणाबाई म्हणाल्या, तसं मी कुठं म्हटलं? झुंबरबाई म्हणाल्या, न सांगता पेटी घेऊन येणं म्हणजे तेच. मग रीत निघाली. आजीनं पाळलेली, पणजीनं पाळलेली, आठव्यातली वेस. एका सुईपायी ती मोडायची, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर गाव कुणाच्या तोंडात शेण घालणार? चिमणाबाईंचा आवाज चढत गेला. झुंबरबाईंचा तसूभर वाढला नाही, आणि भांडणात न वाढणारा आवाजच शेवटी जिंकतो. चिमणाबाईंना ते कळत होतं. पेटीतली पिशवी मऊ व्हायला लागली असणार, तेही कळत होतं.

एकाएकी त्या थांबल्या. मग बोलल्या त्या खाली बघत, आणि इतक्या हळू की झुंबरबाईंना पुढं वाकावं लागलं.

"ईनबाई, माजी पयली लेक हुती. सम्राटच्या आदी, मोनाच्या आदी. पोरांनाबी ठावं न्हाय. सव्वा म्हैना व्हायचा हुता तिचा. घरात सगळ्यांस्नी खोकला लागलता, साधाच, कुनी ध्यान दिलं न्हाय. तिला लागला. ती खोकायचीबी न्हाय ओ. नुसतं तोंड उघडायची आन निळी पडायची. परत श्वास यायचा. परत जायचा. मी मांडीवर घिऊन बगत बसायचो, आता यील, आता यील म्हनून."

झुंबरबाई गुळाची वाटी बाजूला सारून जवळ सरकल्या.

"डाक्टर म्हनलं, डांग्या हाय. एवढ्या ल्हान लेकराला त्याची सुईच नसती. मग घरातल्या म्हाताऱ्या म्हनल्या, रडू नगो, पुडचं यील. पुडचं आलं की, दोन आली. खरं तवा आईला टोचून लेकराला वाचवायचं, असलं कायबी न्हवतं. असतं तर मी येक काय, पाच वेशी ओलांडल्या असत्या. तवा न्हवतं. आता हाय. आता हाय, आन मी घरात बसू?"

माजघराच्या दारात क्रांती उभी होती. कधीपासून ते कुणालाच माहीत नव्हतं. एका हातानं चौकट धरून, दुसरा पोटावर. ती पुढं आली, जड अंगानं सासूशेजारी टेकली आणि तिनं ती पेटी सासूच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"आई," ती म्हणाली, "माजी बाहेरची साडी काढ."

झुंबरबाई उठल्या. आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. आल्या तेव्हा हातात साडी होती आणि दुसऱ्या हातात नारळ.

"वेशीचं मी बगतो," त्या म्हणाल्या. "तिथं उतरून नारळ फोडतो आन सांगतो, लेकीला न्हेतोय ती लेकरासाठीच न्हेतोय. वेसबी बाईच हाय. तिला कळंल."

अशी ती वरात निघाली. रिक्षात मध्ये क्रांती, एका बाजूला आई, एका बाजूला सासू, मांडीवर पेटी. वेशीजवळच्या दगडावर झुंबरबाईंनी नारळ फोडला, लेकीवरून लिंबू उतरून टाकलं, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डा चुकव, न्हाईतर तुझ्यावरून उतरतो. दवाखान्यात डॉक्टरांनी पेटी उघडून पाहिली, लस व्यवस्थित गार आहे म्हणाले, आणि क्रांतीची बाही वर केली. क्रांतीनं मुकाट्यानं टोचून घेतलं. चिमणाबाईंना मात्र सुई बघून घेरी आली आणि त्यांना बाकावर आडवं करावं लागलं. ज्या सुईसाठी हा सगळा खटाटोप, ती प्रत्यक्ष टोचताना त्यांनी पाहिलीच नाही. झुंबरबाई पदरानं वारा घालत होत्या आणि हसू दाबत होत्या.

रात्री क्रांतीचा दंड दुखला, अंग थोडं कोमट झालं, सकाळी निवलं. तिनं सासूला त्या लेकीविषयी काही विचारलं नाही. आत्या निघाल्या तेव्हा फक्त पाया पडून उठताना तिनं त्यांचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

दिवस भरले आणि क्रांती बाळंत झाली. मुलगी. सम्राटचा फोन आला तेव्हा चिमणाबाई गोठ्यात होत्या. त्यांनी एकच विचारलं, रडली का? सम्राट म्हणाला, अजून रडतेय. त्यांनी तिथंच शेणाच्या हातानं देवाला हात जोडले.

बारशाचा दिवस ठरला. चिमणाबाईंनी कुंची शिवून घेतली, दुपटी धुतली, आणि बारशाच्या तोंडावर त्यांना खोकला लागला. गुऱ्हाळाचा धूर म्हणा, हवा म्हणा, घसा धरला आणि कोरडी ढास सुरू झाली. साधाच असेल. पण साधा म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आईनं सुई घेतलीय म्हणून बाळाला चांगला आधार आहे, पण आधार म्हणजे चिलखत नव्हे. खोकणाऱ्या माणसानं तान्ह्यापासून लांब राहायचं, तुम्ही येऊन तपासून घ्या, तोवर जवळ जाऊ नका.

बाळासो म्हणाले, मग जाऊच नको. वर्षातून एखादवेळी ते असं बोलत. चिमणाबाई म्हणाल्या, न्हाय गेलं तर लोक म्हनतील, नात झाली म्हनून आजी आली न्हाय. आणि बारशाच्या घरात आजाराचं नाव काढायचं कसं? तेव्हा त्यांचं ठरलं. जायचं, पण उंबरा ओलांडायचा नाही. कुणाला काही सांगायचं नाही. बाळासोंना गप्प राहायला सांगायची गरज नव्हती.

एस.टी.त बाळासोंशेजारी सगळा वेळ तोंडाला मास्क बांधून त्या बसल्या. व्याह्यांच्या घराजवळ आल्यावर मास्क काढून पिशवीत टाकला आणि अंगणाच्या पार टोकाला, फणसाखाली जाऊन टेकल्या. मोना, त्यांची लेक, आदल्या दिवशीच आली होती. ती पळत आली, आई, चल की आत, बघ तरी कशी आहे. चिमणाबाईंनी तिला हातानंच लांब थांबवलं आणि बस लागलीय, जरा वाऱ्यावर बसते म्हणाल्या. सम्राट येऊन गेला. आकाराम येऊन गेले. चिमणाबाई हलेनात. पोटातून ढास वर यायची, ती पदरात दाबायच्या, आणि घरातून एवढंसं रडू ऐकू आलं की पायाची बोटं मातीत रुतवायच्या.

बायका जमल्या. आल्या त्या फणसाकडं बघत बघत आत गेल्या. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कोल्हापूरकडच्यांना मुलगा हवा होता. बघ की, नातीचं तोंडही बघितलं नाही. इतक्या लांबनं आली ती काय अंगणात रुसून बसायला? बोलणाऱ्या हळू बोलत होत्या, पण बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचेल इतपत. लोक बोलतील म्हणून चिमणाबाई आल्या होत्या, आणि आल्या म्हणून लोक तेच बोलत होते.

क्रांतीच्या डोळ्यात पाणी उभं राहिलं. ज्या बाईनं मांडीवर पेटी घेऊन जिल्हा पालथा घातला, तिला नात नको होती? तिनं ते आईला बोलून दाखवलं नाही, फक्त मुलीला जवळ ओढून भिंतीकडं तोंड केलं. झुंबरबाईंनी ते बघितलं आणि हातातला नारळ खाली ठेवून त्या तडक अंगणात गेल्या. आज मानपान राहिला बाजूला, आज जाबच विचारायचा.

त्या जवळ येताना दिसल्या तशा चिमणाबाई उठून मागं सरल्या. "तितंच थांबा ईनबाई," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलता आलं नाही. इतका वेळ दाबलेली ढास वर आली. पदर तोंडात कोंबून, फणसाला धरून, घराकडं पाठ करून त्या खोकत राहिल्या. डोळे पुसून वळल्या तर झुंबरबाई जागच्या जागी उभ्या होत्या.

झुंबरबाई माघारी फिरल्या आणि उंबऱ्यावर उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, चिमणाबाईंच्या आवाजात बोलल्या.

"कोन म्हनत हुतं गं, सासू रुसली? तिला खोकला हाय. लेकराला लागू ने म्हनून ती अंगनात बसलीय. नातीला हातात घ्यायसाठी जीव तुटतोय तिचा, आन घेत न्हाय. हाय का तुमच्यात कुनाला एवढी माया?"

एक बाई हळूच म्हणाली, अगं बाई, मलाही कालपासून शिंका येतायत, आणि पाळण्याजवळून उठून बाहेर ओट्यावर गेली. तिच्यामागं आणखी एक उठली.

खोलीची खिडकी अंगणाकडं होती. ती उघडली. क्रांतीनं मुलीला दुपट्यात गुंडाळून, मान सांभाळून, गजांजवळ धरलं. मध्ये सगळं अंगण. चिमणाबाई फणसाखालीच उभ्या राहिल्या आणि टाच उंच करून बघत राहिल्या. तेवढ्याशा चेहऱ्यात काय दिसणार? नाक दिसलं असेल, एक मूठ दिसली असेल. पण त्या बघत होत्या तशी एखादी बाई गाभाऱ्यातल्या देवीलाही बघत नसेल. मुलीनं तोंड उघडलं तेव्हा त्यांचा हात गळ्याशी गेला. मुलीनं जांभई दिली आणि तोंड मिटलं.

"आत्या," क्रांती खिडकीतून म्हणाली. अंगणापार ऐकू जावं म्हणून तिला आवाज चढवावा लागला. "तिचं नाव काय हुतं?"

अंगणात सम्राट होता, मोना होती. दोघांनाही काही कळलं नाही. मोना विचारायला निघाली तशी झुंबरबाईंनी तिचा दंड धरला. बाळासो ओट्यावर बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

किती वर्षं ते नाव तोंडातून निघालं नव्हतं. चिमणाबाईंचे ओठ नुसते हलले. मग त्या म्हणाल्या, "शालन."

"हिचं तेच ठिवू या?"

"नगो बाई." चिमणाबाई रडत होत्या, आणि आता पदर डोळ्याला लावायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. "ते तिचं हाय. तिच्याजवळ दुसरं कायबी न्हाय. हिला हिचं नवं ठेव."

क्रांतीनं मान हलवली. सम्राट आईजवळ जायला निघाला होता, तो चार पावलांवर थांबला, कारण आईनं हात वर केला होता. मग तो तिथंच मातीत बसला. मोना त्याच्याशेजारी बसली.

मग आतून बायकांनी मोनाला हाका मारल्या. बाळाच्या आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? ती डोळे पुसत गेली. पाळणा म्हणून झाला, मोनानं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, तेजस्वी. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यानं मुलगी दचकली आणि तिनं टाहो फोडला.

खणखणीत रडत होती पोरगी. मध्येच थांबायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि पुन्हा सुरू करायची. आत सगळ्या तिला गप्प करायला धडपडत होत्या. चिमणाबाई फणसाला टेकून बसल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी तो श्वास आत गेला की त्यांचाही जात होता.